रंगाला हमी आहे, रंगाऱ्याला?

पावसाळा संपला की मुंबई-ठाण्यात इमारतींच्या बाहेरच्या भिंतींची कामे निघतात. शेवाळ घासायचे, भेगा भरायच्या, पाइपाजवळ उगवलेला पिंपळ उपटायचा, मग रंग. रंग किती वर्षे टिकेल याची हमी सोसायटी कंत्राटदाराकडून लिहून घेते. दोराविषयी बहुधा कोणी विचारत नाही. कामगार मात्र फळीवर बसून, गच्चीवर कुठेतरी बांधलेल्या दोराला लटकलेला असतो. कामाचा दोर आणि जीव वाचवणारा दोर वेगवेगळ्या ठिकाणी बांधलेले हवेत, ही साधी गोष्ट. पण दुसरा दोर म्हणजे खर्च, आणि काम जाते कमी दरवाल्याकडे!

कायद्याला हा माणूस दिसला नव्हता असे नाही. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याच्या व्याख्येत दुरुस्ती आणि देखभालही होती. अट होती दहा कामगारांची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सुरक्षा संहितेनेही ती दहाची अट ठेवलीच. भिंतीवरची टोळी चार-सहा जणांची, तेव्हा पळवाट कायद्यानेच आखून दिली आहे.

कल्याण मंडळाच्या नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आज या इमारतीवर, उद्या त्या, असा फिरणाऱ्याला तो देणार कोण? गटारात उतरणाऱ्याची जी गत, तीच इथे उंचावर. आपल्यातले अनेक जण आज सोसायट्यांच्या कमिट्यांवर आहेत. दुसरा दोर, विमा आणि कामाच्या दिवसांचा दाखला या अटी त्यांनी निविदेतच घालाव्यात, आणि त्या पाळल्याशिवाय कंत्राटदाराचे शेवटचे बिल काढू नये.