उजवीकडे थोडे ट्रिम

गेल्या दिवाळीतली गोष्ट. आमच्या सोसायटीच्या आवारात बालगोपाळांनी तीन दिवस खपून मातीचा किल्ला उभारला होता. अळीव हिरवेगार उगवले होते, मावळे पहाऱ्यावर होते, महाराज सिंहासनावर विराजमान झाले होते. अशा मंगल प्रसंगी आमच्या चिरंजीवांची मोटार आली आणि थेट बुरुजात घुसली.

ही मोटार म्हणजे रेडिओलहरींवर चालणारी शर्यतीची बग्गी. खऱ्या गाडीच्या एकदशांश मापाची, मामाने भाच्याला दिलेली. तिला एकच खोड होती. सरळ सोडली की ती डावीकडे ओढ घेई.

बुरूज पुन्हा लिंपून देऊन आम्ही पितापुत्र वर आलो. त्या दिवसांत आमचे बोलणे कामापुरतेच चाले. चिरंजीव दहावीत होते आणि दहावीनंतर तंत्रनिकेतनात पदविकेला जायचे, असे त्यांनी नवरात्रातच जाहीर केले होते. मी पडलो मराठीचा प्राध्यापक. मुलाने अकरावी-बारावी करून रीतसर पदवी घ्यावी, असे माझे मत. मी रागावलो मात्र नाही. रोज जेवताना एखादे वाक्य सोडायचे, एवढेच. "अकरावीला गेलं की सगळे मार्ग मोकळे राहतात, हो!" वाक्य छोटेसेच, पण रोजचे.

बग्गीच्या बाबतीतही माझ्याजवळ सल्ला तयार होता. "अरे, ट्रान्समीटरवर ते ट्रिमचं बटण आहे ना? उजवीकडे थोडं सरकव, जाईल सरळ!"

"बाबा, ट्रिमने दोष जात नाही, नुसता झाकला जातो," तो शांतपणे म्हणाला. "सर्व्होचा हात दोन्हीकडे ठराविकच फिरतो. सरळ जाण्यासाठीच तो उजवीकडे वळवून ठेवला, तर उजव्या वळणाला तेवढा कमी पडणार."

सर्व्हो म्हणजे चाके वळवणारी छोटी मोटर. बग्गी डब्यावर ठेवून त्याने चाके अधांतरी केली, ट्रिम शून्यावर आणले, आधी ट्रान्समीटर आणि मग बग्गी चालू केली. सर्व्होच्या हाताचा स्क्रू काढून हात उपसला. आता सर्व्हो आपला आपण मध्यावर उभा राहिला. मग दांडीशी बरोबर काटकोन होईल असा तो हात पुन्हा बसवला. या सर्व्होच्या आसाला २५ दाते. ३६० भागिले २५ केले, तर एक दाता चुकला की चौदा अंशांहून अधिक फरक! आमच्याकडे एक वेलांटी चुकली की 'दिन'चा 'दीन' होतो, तशातलीच गत. इथे एक दाताच चुकलेला होता.

उरलेला बारीक फरक चाकांकडे जाणाऱ्या दोन दांड्यांत होता. या दांडीला एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्याला डावे. त्यामुळे मधे धरून फिरवली की ती दोन्हीकडून लांबते किंवा आखडते. दोन्ही बाजू सारख्या झाल्यावर त्याने चाके पूर्ण वळवली. सर्व्हो गुणगुणू लागला. "चाक अडलंय, तरी तो ढकलतोय. असाच ढकलत राहिला तर जळेल." गुणगुण थांबेपर्यंत त्याने ट्रान्समीटरवरून वळण्याची हद्द कमी केली.

वळताना आतले चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळते, हेही मी तेव्हाच प्रथम पाहिले. आतले चाक लहान वर्तुळात फिरते ना! ही युक्ती म्युनिकच्या लांकेन्श्पेर्गर नावाच्या घोडागाड्या बांधणाऱ्याची. १८१८ साली लंडनला तिचे पेटंट त्याच्या वतीने आकरमानने घेतले आणि नाव राहिले आकरमानचेच. इतके सांगताना चिरंजीवांचे डोळे असे चमकत होते की, घरात महिनाभर अबोला धरणारा मुलगा हाच का, असे मला वाटले.

संध्याकाळी बग्गी आवारातून सुतासारखी सरळ धावली. रात्री जेवताना नेहमीचे वाक्य माझ्या ओठांवर आले. पण समोरच्या पोराचा चेहरा पाहिला आणि कानात ती गुणगुण ऐकू आली. मी चकलीचा तुकडा तोंडात टाकला. थोड्या वेळाने विचारले, "पदविका कोणत्या शाखेची म्हणालास?"

सौ.ने वाढता वाढता हात थांबवला. तो मात्र बोलू लागला. ताटे सुकली तरी बोलतच होता.

यंदा तो यंत्र अभियांत्रिकीच्या पदविकेच्या पहिल्या वर्षाला आहे. माझी हुरहुर संपली आहे, असे म्हणणे खोटे ठरेल. पण आता ती माझी मी सांभाळतो.

किल्लेकऱ्यांचे समाधान मात्र झालेले दिसत नाही. यंदा पायथ्याशी 'मोटारींना प्रवेश बंद' अशी पाटी लागणार असल्याचे कळते.