घोड्याची नाडी आणि कुशीतली गुरगुर



मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो. कुणी तिथून नवे जनावर घेऊन लांबच्या वाटेने घरी निघतो. वाटेत एक गोष्ट ध्यानात असू द्या. घोडा मोठा मानी; धनी हाकेल तोवर चालतो आणि मग एकाएकी कोसळतो. तो दमला हे आपणच ओळखायचे असते.

आधी नाडी पाहा. खालच्या जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेला बोटे ठेवली की दोरीसारखी शीर लागते. १५ सेकंद ठोके मोजून ४ ने गुणा. निवांत उभ्या मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. दौडीत ती दीडशेच्या वर गेली तरी भिऊ नका. थांबल्यावर किती लवकर उतरते ते महत्त्वाचे. अमेरिकेत १९५५ साली सुरू झालेल्या टेव्हिस कप या शंभर मैलांच्या रपेटीत मुक्कामा-मुक्कामाला पशुवैद्य हेच तपासतात. नाडी उतरली नाही, तर घोडा तिथेच थांबवतात. आपणही अर्ध्या तासात नाडी साठीच्या आसपास आली नाही, तर खोगीर उतरवून घोडा सावलीत न्यावा, अंगावर गार पाणी ओतावे आणि त्या दिवशीची वाट तिथेच संपवावी.

मग दोन्ही कुशींना कान लावा. गुरगुर ऐकू आली तर ठीक. मिनिटभर काहीच आवाज नसेल तर आतडे मंदावले समजा. दौडताना रक्त पायांकडे नि कातडीकडे धावते, घामातून पाणी आणि मीठ जाते. आतड्याच्या वाट्याला कमी येते. घोड्याला ओकारीही होत नाही. म्हणून दमून आलेल्या घोड्यापुढे मायेने चंदी ठेवू नका, पोटशूळ उठेल. आधी पाणी, मग थोडी ओली वैरण. चंदी तास-दोन तासांनी, तीही थोडी.

‘तापल्या घोड्याला पाणी देऊ नये’ ही जुनी समजूत सोडा. वाटेत जिथे पाणी लागेल तिथे त्याला पिऊ द्या. पाणी पीत नसलेल्या घोड्याला मीठ मात्र चारू नका.

घोडा पाय आपटू लागला, कुशीकडे वळून पाहू लागला, लोळू लागला किंवा लीद बंद झाली, तर चारा बंद करून लगेच पशुवैद्यांना बोलवा.

आज संध्याकाळी घोडा शांत असताना त्याची नाडी मोजा आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. मुलांनाही मोजायला शिकवा. अडचणीच्या वेळी तोच आकडा उपयोगी पडेल.