आम्हाला विचारले, पुढे काय?

(तृतीय वर्ष कला, समाजशास्त्र)

विद्यार्थ्याला कोणी काही विचारीत नाही, ही तक्रार आता जुनी झाली. हल्ली आपल्याला फार विचारले जाते. सत्र संपताना प्रत्येक विषयाच्या अध्यापनाबद्दल, वर्ष संपताना एकंदर महाविद्यालयाबद्दल आणि पदवी हातात पडल्यावर 'माजी विद्यार्थी' या नात्याने पुन्हा एकदा. प्राध्यापकांना अभ्यासक्रमाविषयी विचारतात, पालकांना विचारतात, नोकरी देणाऱ्यांनाही विचारतात. पूर्वी यासाठी छापील कागद वाटीत. आता मोबाईलवर लिंक येते. पाच पर्याय असतात, त्यांतल्या एकावर बोट टेकवायचे. कॅन्टीनमध्ये सांगितलेला चहा येईपर्यंत आपण एका शिक्षणसंस्थेचे मूल्यमापन करून मोकळे होतो! तेव्हा 'आम्हाला विचारा' ही मागणी पुरी झाली आहे. आता त्यापुढचे विचारायला हवे. आपण दिलेल्या उत्तरांचे होते काय?

हे सारे आले कोठून, ते थोडे पाहू. राष्ट्रीय मूल्यांकन आणि प्रत्यायन परिषद, म्हणजे आपल्या सर्वांच्या तोंडी असलेली 'नॅक', १९९४ मध्ये स्थापन झाली. ('नॅक येणार' एवढ्या दोन शब्दांनी भिंतींना रंग लागतो, हे आपण जाणतोच.) २०१७ मध्ये नॅकने मूल्यांकनाची सुधारित पद्धत आणली आणि तीत 'विद्यार्थी समाधान सर्वेक्षण' घातले. महाविद्यालयाने विद्यार्थ्यांची यादी द्यायची आणि नॅकने थेट विद्यार्थ्यांनाच प्रश्नावली पाठवायची, अशी ती योजना होती. महाविद्यालयातील १० टक्के विद्यार्थी किंवा १०० विद्यार्थी, यांतली जी संख्या कमी असेल तितकी उत्तरे आली की पुरे. मधला माणूस काढून टाकण्याची कल्पना चांगलीच म्हणायची. पण तीन हजारांच्या महाविद्यालयात शंभर जणांनी बोट टेकवले म्हणजे उरलेल्या एकोणतीसशेंच्या मनातलेही कळले, असे धरून चालायचे. हे मात्र जरा जड जाते.

त्या प्रश्नावलीत निवडीचे २० प्रश्न होते. अभ्यासक्रम वर्गात किती टक्के शिकवून झाला? शिक्षक तयारी करून येतात काय? अंतर्गत मूल्यमापन न्याय्य होते काय? किती टक्के शिक्षक प्रोजेक्टर वगैरे साधने वापरतात? हे सर्व प्रश्न वावगे नाहीत. पण ग्रंथालय किती वाजता बंद होते, मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी असते काय, वसतिगृहाच्या मेसची थाळी परवडते काय, यांविषयी त्या विसांत एकही प्रश्न नव्हता. शिक्षण म्हणजे फळा आणि फळ्यासमोरचा माणूस एवढेच, असे त्यात गृहीत होते. आणि गंमत अशी की पंधरावा प्रश्न नेमका हा होता: संस्था आपल्या गुणवत्तेच्या आढाव्यात विद्यार्थ्यांना सहभागी करून घेते काय? म्हणजे सहभाग आहे की नाही, हेही पाच पर्यायांतूनच सांगायचे! एकविसावा प्रश्न तेवढा मोकळा होता. सुधारणेसाठी तीन सूचना करा, असे त्यात म्हटले होते. माझ्या मते सगळी प्रश्नावली एकीकडे आणि तो एकविसावा प्रश्न एकीकडे. कारण तेवढ्याच जागेत विद्यार्थ्याला स्वतःचा विषय काढता येत होता.

मित्रहो, सर्वेक्षणातली सत्ता उत्तर देणाऱ्याच्या हाती नसते, प्रश्न बनवणाऱ्याच्या हाती असते. जे विचारलेच नाही त्याचे उत्तर कोणी कितीही प्रामाणिकपणे दिले तरी ते रकान्यात मावत नाही.

त्याच पद्धतीत प्रत्याभरणाची, म्हणजे 'फीडबॅक'ची, एक शिडी होती. अभ्यासक्रमाविषयी विद्यार्थी, शिक्षक, माजी विद्यार्थी, नोकरी देणारे यांचे मत घेतले नसेल तर सर्वांत खालची पायरी. नुसते गोळा केले तर त्यावरची. गोळा करून विश्लेषण केले तर आणखी वर. कृती केली तर त्याहून वर. आणि हे सारे करून संकेतस्थळावर ठेवले तर सर्वांत वरची. शिडी नीट वाचली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. ज्याने उत्तर दिले त्याला जाऊन 'बाबा रे, तुझ्या म्हणण्याचे असे असे केले, आणि हे हे जमले नाही' असे सांगायचे, ही पायरी तीत कोठेच नाही. संकेतस्थळावर ठेवले की संपले. ते वाचायला तेथे कोण जातो? पुढची समितीच बहुधा. उत्तरे आपल्याकडून निघतात आणि अहवालाच्या रूपाने वर जातात. खाली परत येण्याचा रस्ता त्यांना आखूनच दिलेला नाही.

मग विद्यार्थी तरी खरे कशासाठी लिहितील? दुसऱ्या एका महाविद्यालयात शिकणाऱ्या माझ्या मैत्रिणीने सांगितलेली गोष्ट आहे. तेथे प्रश्नावली येण्याआधी वर्गात एवढेच सांगण्यात आले, 'भरताना विचार करून भरा. तुमच्या पदवीवर याच कॉलेजचे नाव असणार आहे.' हे बोलणे धमकीचे नाही, आणि खोटे तर मुळीच नाही. महाविद्यालयाची श्रेणी घसरली तर नुकसान अखेर त्याच मुलांचे होणार. म्हणजे ज्याच्या पायात काटा रुतला आहे त्याने काटा दाखवला तर त्याचीच चप्पल काढून घेणार, असा हा न्याय आहे! अशा स्थितीत सगळे 'उत्तम'वर बोट ठेवतात यात नवल नाही.

हा पेच आपल्याकडचाच आहे असे नाही. ब्रिटनमध्ये २००५ पासून शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे राष्ट्रीय सर्वेक्षण घेतले जाते. त्याचे आकडे प्रसिद्ध होतात, विद्यापीठांच्या क्रमवाऱ्यांत वापरले जातात. पुढे सरकारने हे निकाल अध्यापनाच्या दर्जाच्या नव्या मूल्यमापनाला जोडले आणि त्या मूल्यमापनाला फीवाढीची परवानगी जोडण्याचा बेत केला. झाले! विद्यार्थी संघटनांनी २०१७ मध्ये सर्वेक्षणावर बहिष्कार पुकारला. आपण समाधान व्यक्त करायचे आणि त्याच्या जोरावर पुढच्यांची फी वाढवायची, हा सौदा त्यांना मान्य नव्हता. निकाल प्रसिद्ध व्हायला निम्म्या विद्यार्थ्यांची तरी उत्तरे लागतात. त्या वर्षी ऑक्सफर्ड आणि केंब्रिज धरून १२ संस्थांत तेवढीही आली नाहीत. एरवी ज्यांना कोणी मोजत नाही त्या विद्यार्थ्यांनी, आपल्याला मोजू न देऊन, आपले म्हणणे मांडले. मला स्वतःला बहिष्कार हा शेवटचा उपाय वाटतो. पण आपले उत्तर कोणत्या कामाला लागणार आहे हे आधी विचारण्याचा त्यांचा हक्क मला पूर्ण पटतो.

आता प्राध्यापकांची बाजू. आपल्या चार मिनिटांच्या उत्तरांवर एखाद्या शिक्षकाची किंमत ठरवावी काय? अमेरिकेत १९७० मध्ये झालेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. 'डॉ. फॉक्स' या नावाने एका नटाला व्याख्यानाला उभे केले. विषय असा, की त्यातले त्याला काही कळत नव्हते. भाषण मुद्दाम पोकळ आणि परस्परविरोधी विधानांनी भरलेले, पण बोलणे मात्र झोकदार, विनोदांची पेरणी केलेले. श्रोते मानसोपचार आणि शिक्षण या क्षेत्रांतले जाणते लोक होते. तरीही व्याख्यानानंतरच्या प्रश्नावलीत बहुतेकांनी नटाला चांगले शेरे दिले! (आपल्या स्नेहसंमेलनातल्या काही नटांनी यावरून धीर घ्यायला हरकत नाही.) २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला दुसरा प्रयोग इतका हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ऑनलाइन वर्गातल्या एका शिक्षिकेने आणि एका शिक्षकाने काही गटांपुरती आपली नावे अदलाबदल केली. माणूस तोच, काम तेच. पण ज्याला विद्यार्थी स्त्री समजत होते त्याला कमी गुण मिळाले. पुढे २०१८ मध्ये कॅनडात टोरांटोच्या रायर्सन विद्यापीठाच्या (२०२२ पासून त्याचे नाव बदलले आहे) वादात लवादाने निर्णय दिला, की अध्यापन किती परिणामकारक आहे हे बढतीसाठी ठरवताना असल्या विद्यार्थी-सर्वेक्षणांचे सरासरी आकडे वापरू नयेत.

आपल्याकडे तर याहून अवघड गोष्ट आहे. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या सरांची आणि मॅडमची नेमणूक दर वर्षी नव्याने व्हायची असते. विद्यार्थ्यांचे शेरे त्यांच्या डोक्यावर टांगलेले, आणि शिक्षकांसाठीची प्रश्नावली त्यांच्यापुढे आलीच तर ती भरून द्यायची कोणाकडे? ज्यांनी पुढच्या जूनमध्ये नेमणूक द्यायची त्यांच्याकडेच! 'आपण संस्थेत समाधानी आहात काय?' या प्रश्नाला अशा माणसाने काय उत्तर द्यावे अशी आपली अपेक्षा आहे?

म्हणून सर्वेक्षण बंद करा असे मी म्हणत नाही. आमच्या एका प्राध्यापकांची पद्धत सांगतो. सत्राच्या मध्यावर ते कागदाचे चिटोरे वाटतात. नाव नाही, गुण नाही, पर्याय नाही. 'आतापर्यंतचे काय कळले नाही?' एवढाच प्रश्न. दुसऱ्या दिवशीचा तास त्या चिटोऱ्यांपासून सुरू होतो. दुर्खीमची आत्महत्येविषयीची मांडणी आमच्या वर्गाला अशीच दुसऱ्यांदा शिकवली गेली, आणि दुसऱ्यांदा ती कळली. त्या चिटोऱ्यांचा कोणताही अहवाल झाला नाही, पण विचारले आणि त्याचे काहीतरी झाले, हे आमच्या डोळ्यांसमोर घडले.

आता माजी विद्यार्थ्यांकडे वळतो, कारण माझ्या मनातला खरा प्रश्न तेथे आहे. माजी विद्यार्थ्यांची प्रश्नावली मेळाव्याला भरून घेतात. मेळाव्याला येतात कोण? ज्यांचे बरे चालले आहे ते. गावात राहिलेले, नोकरी लागलेले, फेटा बांधून घ्यायला हरकत नसलेले. त्यांची उत्तरे छानच असणार. अमेरिकेत १९३६ मध्ये 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीचा अंदाज घेण्यासाठी सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून अधिक परत आल्या, आणि त्यांवरून लँडन निवडून येणार असे जाहीर झाले. प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्ये रूझवेल्टने जिंकली. पत्रिका गेल्या त्या मुख्यतः मोटार आणि टेलिफोन असणाऱ्यांच्या घरी, आणि उत्तर दिले ते ज्यांना हौस होती त्यांनी. आकडा मोठा असून भागत नाही. उत्तर न देणारा कोण, हे पाहावे लागते. त्याच दशकात इकडे पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांच्या मार्गदर्शनाखाली पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी झाली. १९४५ आणि १९५२ मध्ये ती दोन खंडांत प्रसिद्ध झाली. पाहणी करणारे कुटुंबांपर्यंत गेले. कुटुंबांनी आपल्यापर्यंत यावे अशी वाट पाहत बसले नाहीत. घरी जाऊन विचारण्याची ही रीत आपल्या मुलखाची आहे, बाहेरून आणायला नको.

प्रथम वर्षाला माझ्या वर्गात असलेल्या काही मुली आज वर्गात नाहीत. त्या नापास झाल्या म्हणून गेल्या असे नाही. आमच्या मार्गावरची संध्याकाळची एस.टी. अधूनमधून रद्द होते. शेवटचा तास संपवून फाट्यावर दीड-दोन तास उभे राहायचे, अंधारात उतरून गावापर्यंत चालायचे, हे मुलांना चालते. मुलींच्या घरच्यांना चालत नाही. एकीने दुसऱ्या वर्षी नाव कमी केले, मग तिच्या सोबतीने येणारीचेही थांबले. या मुली 'विद्यार्थी' राहिल्या नाहीत म्हणून विद्यार्थी सर्वेक्षणात नाहीत. पदवी घेतली नाही म्हणून माजी विद्यार्थ्यांत नाहीत. कोणत्याच प्रश्नावलीच्या त्या कोणी लागत नाहीत. आणि म्हणून आमच्या समाधानाची सरासरी दर वर्षी वाढत असली पाहिजे, कारण ज्याचे समाधान झाले नाही ते माणूसच बेरजेतून निघून जाते. शेवटचा तास अर्धा तास अलीकडे घेता आला असता काय? प्राचार्यांच्या सहीचे एक पत्र आगारप्रमुखांकडे गेले असते काय? कदाचित काही उपयोग झाला नसता. पण हा प्रश्न कोणत्याही कागदावर आलाच नाही.

तेव्हा येत्या वर्षी सर्वेक्षण होईल तेव्हा दोन गोष्टी व्हाव्यात असे मला वाटते. प्रश्नावली ठरवताना विद्यार्थी प्रतिनिधींबरोबर बाहेरगावाहून येणारा एक मुलगा आणि एक मुलगी बसावी, आणि निकाल लागला की ग्रंथालयाबाहेरच्या फलकावर एक पान लागावे: काय मागितले, काय केले, काय करता येत नाही आणि का नाही. नकार आला तरी चालेल, पण तो मराठीत आणि आमच्या वाटेवर लागलेला असावा. दुसरी गोष्ट, ज्यांनी नाव कमी केले त्यांना विचारावे. त्यांचे पत्ते कार्यालयात आहेतच. त्यासाठी पाच पर्याय नकोत, लिंक नको, 'का सोडलेस?' एवढा एकच प्रश्न पुरे. समाजशास्त्राच्या आमच्या वर्गाला प्रकल्प म्हणून हे काम द्यावे, अशी विनंती मी विभागाला या लेखातून करीत आहे. गावे वाटून घेतली तर दिवाळीच्या सुट्टीत होण्यासारखे आहे. आमच्या एस.टी.च्या मार्गावरची पाच गावे मी घ्यायला तयार आहे. बरोबर एखादी वर्गमैत्रीण असेल तर बरे, कारण त्या घरांतून माझ्याशी कोणी मोकळेपणाने बोलणार नाही.