गरम पाण्याची दुर्गंधी आणि काढून टाकलेला रॉड

झोपणे, स्वयंपाक आणि स्नान यांची सोय असलेले मोटारहोम किंवा कॅरव्हॅन हिवाळाभर बंद ठेवून वसंतात पुन्हा रस्त्यावर आणण्याची रीत अमेरिका आणि कॅनडात चांगलीच रुळलेली आहे, आणि मोसमाच्या आरंभी तेथील दुरुस्ती कारागिरांकडे येणाऱ्या तक्रारींत एक तक्रार हमखास असते, ती म्हणजे गरम पाण्याचा नळ सोडताच येणारा सडक्या अंड्यासारखा वास. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यामुळे अशा वाहनांतील पाण्याच्या व्यवस्थेचे काम येथील कारागिरांकडेही येऊ शकते. शिवाय बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरगुती स्टोरेज गिझरमध्ये नेमका हाच वास निर्माण होतो. त्यावरचा सर्वांत झटपट उपाय म्हणून टाकीतील मॅग्नेशियमचा रॉड काढून त्या जागी साधा प्लग बसवला जातो. वास त्याने बहुधा थांबतो, परंतु त्याची किंमत टाकी चुकवते, आणि म्हणून व्यवसायाने ही पद्धत सोडून द्यावी, असे या मासिकाचे स्पष्ट मत आहे.

हा वास हायड्रोजन सल्फाइड या वायूचा असतो. जमिनीतून येणाऱ्या पाण्यात सल्फेट, म्हणजे गंधकाचे निर्गंध क्षार, कमीअधिक प्रमाणात विरघळलेले असतात, आणि सल्फेट-अपचयक जिवाणू या नावाने ओळखले जाणारे सूक्ष्मजीव प्राणवायू नसलेल्या जागी श्वसनासाठी याच क्षारांचा उपयोग करून सल्फाइड बाहेर टाकतात. या जिवाणूंना ऊर्जेसाठी सेंद्रिय द्रव्य किंवा हायड्रोजन लागतो, आणि येथेच रॉडचा संबंध येतो. पोलादी टाकीला आतून काचेसारखा मुलामा दिलेला असला तरी त्यात सूक्ष्म भेगा राहतातच. त्या भेगांतून उघड्या पडलेल्या पोलादाला गंज लागू नये म्हणून लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील असलेला मॅग्नेशियमचा रॉड टाकीत सोडलेला असतो, जो स्वतः झिजत जाऊन टाकीचे रक्षण करतो. तो झिजताना सुटणारे इलेक्ट्रॉन पोलादाच्या पृष्ठभागावर पोचतात आणि तेथे पाण्यापासून हायड्रोजन तयार होतो. अंधार, कोमटपणा, साचलेले पाणी, तळाचा गाळ आणि हा हायड्रोजन एकत्र आले की जिवाणूंची भरभराट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेनुसार पाण्यातील हायड्रोजन सल्फाइडची चव आणि वास लिटरला ०.०५ ते ०.१ मिलिग्रॅम इतक्या अल्प प्रमाणातही जाणवतो, आणि आयएस १०५०० या भारतीय मानकानेही सल्फाइडची मर्यादा ०.०५ मिलिग्रॅमच ठेवली आहे. म्हणजे नाकाला असह्य वाटणारे पाणी बहुतेक वेळा विषारी नसते, ही गोष्ट धास्तावलेल्या ग्राहकाला समजावून सांगणे हा कारागिराच्या कामाचाच भाग आहे.

निदानासाठी थंड आणि गरम पाणी वेगवेगळ्या पेल्यांत घेऊन वाहनाबाहेर, मोकळ्या हवेत जाऊन हुंगावे, कारण आतल्या आत हुंगले तर दोन प्रकारे फसगत होते. एक तर हायड्रोजन सल्फाइडने नाक लवकर बधिर होते. दुसरे म्हणजे वाहन दीर्घकाळ उभे राहिल्यास बेसिनखालच्या ट्रॅपमधले पाणी सुकून सांडपाण्याच्या टाकीतला वास वर येतो आणि दोष गिझरच्या माथी मारला जातो. दोन्ही पाण्यांना वास असेल तर दोष मूळ पाण्यात किंवा साठवणुकीच्या टाकीत शोधावा लागतो. फ्लोरिडातील अनेक भागांत भूजलातच सल्फाइड असते आणि तेथील विहिरीचे पाणी भरून घेतलेल्या वाहनाचा गिझर कितीही वेळा धुतला तरी वास परततो. केवळ गरम पाण्याला वास असेल तरच गिझरला हात लावावा.

त्यानंतर टाकी कोणत्या धातूची आहे हे पाहिल्याशिवाय पाना उचलू नये. अमेरिकी वाहनांत प्रामुख्याने दोन घराण्यांचे गिझर आढळतात. सबर्बनची टाकी मुलामा दिलेल्या पोलादाची असून तिचा रॉड निचऱ्याच्या प्लगलाच जोडलेला असतो, तर अॅटवुडच्या, म्हणजे पुढे डोमेटिककडे गेलेल्या बनावटीच्या, अॅल्युमिनियमच्या टाकीत रॉड मुळातच नसतो आणि निचऱ्याला प्लॅस्टिकचा प्लग असतो. पहिल्या प्रकारातून रॉड काढणे जितके चूक, तितकेच दुसऱ्या प्रकारात तो हौसेने बसवणे चूक, आणि दोन्ही चुका सर्रास होतात. पोलादी टाकीतला रॉड तीन चतुर्थांश झिजला असेल तर तो बदलावा. रॉड सुस्थितीत असूनही स्वच्छतेनंतर वास परत येत असेल तर मॅग्नेशियमऐवजी अॅल्युमिनियम-जस्त मिश्रधातूचा रॉड घालावा, ज्याची क्रिया सौम्य असल्याने हायड्रोजन कमी सुटतो आणि टाकीचे संरक्षणही टिकते. घरगुती गिझरसाठी बाहेरून अल्प विद्युतप्रवाह देऊन संरक्षण करणारे, स्वतः न झिजणारे रॉडही मिळतात. पाणी मृदू करणारे यंत्र जोडलेले असेल तर मॅग्नेशियमचा रॉड अधिक वेगाने झिजतो, म्हणून तपासणीचे अंतर कमी ठेवावे लागते.

टाकी रिकामी करण्यापूर्वी वीज आणि गॅस दोन्ही बंद करणे, पाणी थंड होऊ देणे आणि गरम पाण्याचा नळ उघडून आतील दाब सोडणे या तीन गोष्टींत घाई करणाऱ्याला भाजण्याचा धोका असतो. रिकाम्या टाकीत वीज सुरू राहिली तर हीटिंग एलिमेंट काही क्षणांत जळून जातो. याहून दुर्लक्षित धोका हायड्रोजनचा आहे. दोन आठवडे किंवा अधिक काळ न वापरलेल्या गिझरमध्ये हा अत्यंत ज्वालाग्राही वायू साठू शकतो, म्हणून अशा वाहनात प्रथम गरम पाण्याचा नळ काही मिनिटे उघडा ठेवावा आणि तेवढ्या वेळात शेगडी, सिगारेट किंवा विजेचे उपकरण वापरू देऊ नये. सडक्या अंड्याच्या वासाकडे सगळे लक्ष लागलेले असताना या गंधहीन वायूची आठवण कोणालाच राहत नाही.

निचऱ्याचे तोंड टाकीच्या तळापेक्षा किंचित वर असल्याने प्लग काढूनही थोडे पाणी आणि बराचसा गाळ आत राहतो. तो लांब, बारीक नळीने धारेचा मारा करून बाहेर काढल्याशिवाय पुढचे सर्व कष्ट वाया जातात. अॅल्युमिनियमच्या टाकीत क्षारांचे थर साचले असतील तर दोन भाग पांढरे व्हिनेगर आणि एक भाग पाणी भरून, काही वेळा तापवून आणि थंड होऊ देऊन, मग टाकी पूर्ण धुवावी. निर्जंतुकीकरणासाठी दर १०० लिटर पाण्याला ५ टक्के ताकदीचे १०० मिलिलिटर सोडियम हायपोक्लोराइट घातल्यास लिटरला सुमारे ५० मिलिग्रॅम क्लोरीन मिळते. गिझर बंद ठेवून, बायपास व्हॉल्व्ह गिझरच्या बाजूने उघडा आहे याची खात्री करून, प्रत्येक गरम नळातून क्लोरीनचा वास येईपर्यंत हे पाणी खेळवावे, चार तास राहू द्यावे आणि नंतर वास जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने धुवावे. व्हिनेगर आणि क्लोरीन यांची गाठ कोणत्याही परिस्थितीत पडू देऊ नये, कारण त्यातून सुटणारा क्लोरीन वायू बंदिस्त वाहनात प्राणघातक ठरू शकतो.

कॅरव्हॅन बांधणाऱ्यांना आरेखनाच्या टप्प्यावरच बरेच काही करता येईल. कार्बनचा गाळक पाणी भरण्याच्या तोंडाशी बसवण्याची पद्धत सोयीची वाटते, पण तो नगरपालिकेच्या पाण्यातील क्लोरीन काढून टाकतो आणि साठवणुकीच्या टाकीत व गिझरमध्ये संरक्षणहीन पाणी पोचते. त्याची योग्य जागा पिण्याच्या नळाजवळ आहे. गिझरसमोर रॉड सरळ बाहेर ओढता येईल एवढी मोकळी जागा ठेवावी, कारण फर्निचर सोडवून काढावा लागणारा रॉड वेळच्या वेळी कोणीही तपासत नाही. वाहन पंधरवड्याहून अधिक काळ उभे राहणार असेल तर गिझर रिकामा करून ठेवण्याची सूचना मालकाला लेखी द्यावी, आणि गिझरच्या दाराच्या आतील बाजूस टाकीचा धातू, रॉडचा धातू व तो बसवल्याची तारीख टिकाऊ शाईने नोंदवावी, म्हणजे पुढचा कारागीर प्लग उघडण्यापूर्वी आत काय आहे हे वाचू शकेल.