साथ कोणाची, कोणास?

डाव्या हातानें कॉर्ड धरावी, उजव्यानें चाल वाजवावी, कीं ठेका, खर्ज व इतर वाद्यें आपोआप साथीस उभीं राहतात, असें ‘अरेंजर कीबोर्ड’ नांवाचें एक यंत्रवाद्य आहे. यामाहा कंपनीचें ‘टायरोस’ २००२ सालीं, ‘जेनोस’ २०१७ सालीं आणि त्याची दुसरी आवृत्ति २०२३ सालीं निघाली. नव्या आवृत्तीची वादकमंडळी चातकासारखी वाट पाहते, आणि वाद्य हातीं येतांच पुष्कळांची निराशा होते.

आमच्याकडील वादकांचें गाऱ्हाणें अधिक खोल आहे. भारतीय आवाज व ठेके, श्रुति कमीअधिक करण्याची सोय, मींडेकरितां चक्र, हें सर्व आतां कांहीं यंत्रांत मिळतें, हें आम्ही मान्य करितों. परंतु यंत्र डाव्या हाताची आज्ञा ऐकतें; गायकाचा श्वास ऐकत नाहीं. नाट्यपदांत गायक क्षणभर रेंगाळला, तर जाणता तबलजी त्यास सांवरून समेवर आणतो. यंत्राचा ठेका पुढें निघून जातो. मग गायकच यंत्रामागें धांवूं लागतो, आणि तबलजीची बिदागी वाचली म्हणून यजमान संतुष्ट होतात!

‘साथ’ हा शब्द संस्कृत ‘सार्थ’ म्हणजे तांडा यापासून आलेला. मागें राहिलेल्यास टाकून जाणारा तांडा कसला? म्हणून पुढील आवृत्तींत आवाज किती वाढले हें न पुसतां, यंत्र ऐकावयास शिकलें काय, हें वादकांनीं पुसावें. तोंवर, वाचकहो, घरांतील मुलांस यंत्राबरोबर खुशाल गाऊं द्या. पण आठवड्यांतून एकदां तरी त्यांस जाणत्या तबलजीशेजारीं बसवा.