घर न्यायचे की सफरीला जायचे?

गेल्या काही वर्षांत ‘कॅराव्हॅन’ हा शब्द आपल्याही घरांत ऐकू येऊ लागला आहे. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. मोबाइलवर चाकांवरची घरे पाहून मुलेही हट्ट धरतात. पलंग, ओटा, फ्रीज, संडास, सगळे गाडीतच!

एका पालकांनी मला विचारले, “मॅडम, जुनी व्हॅन घेऊन तशी बनवून घ्यावी म्हणतो. कर्ज मिळतंय.” मी विचारले, “भाईजान, वर्षातून किती दिवस फिराल?” म्हणाले, “आठ-दहा.” म्हणजे उरलेले साडेतीनशे दिवस गाडी गल्लीत उभी आणि हप्ता मात्र दर महिन्याला. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. आसने काढून पलंग ठोकला, तर आरटीओत आणि विम्याच्या दाव्यात अडचण येऊ शकते.

त्यापेक्षा दारात आहे ती गाडी बघा. अर्टिगासारख्या गाडीत मागच्या दोन्ही ओळी पाडता येतात. खाचखळगे गोधड्यांनी भरून वर गादी टाकली की आई आणि लहान मुलांची झोपायची सोय झाली. अब्बू आणि मोठा मुलगा शेजारी तंबूत. गाडी लहान असेल तर सगळ्यांनीच तंबूत झोपावे आणि सामान गाडीत ठेवावे. खिडक्यांना रात्रीपुरत्या जुन्या ओढण्या चिमट्यांनी लावाव्यात, सकाळी निघताना काढाव्यात. वीस लिटरचा पाण्याचा जार, लोटा, बॅटरीचा दिवा, चटई, दस्तरखान, पाच किलोचा गॅस आणि एक शेगडी. यातले निम्मे सामान घरातच सापडेल. तंबू आधी भाड्याने किंवा नातेवाइकांकडून आणून बघावा.

आपल्या वडीलधाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. उरुसाला जाताना टेम्पोत डेग, पातेली, बिछाने भरून चार घरे मिळून निघत आणि झाडाखाली मुक्काम करत. त्याला कुणी कॅम्पिंग म्हणत नव्हते, इतकेच.

काही गोष्टींत मात्र काटकसर किंवा आळस नको. गाडीत किंवा तंबूत शेगडी, कोळसा कधीही पेटवू नये. एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपू नये. त्यातून होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. झोपेतच जीव जातो. काचा दोन बोटे उघड्या ठेवून आतून मच्छरदाणीचे कापड लावावे. गॅसची टाकी रात्री गाडीबाहेर, उभी ठेवावी. समुद्रकिनारी गाडी वाळूत नेऊ नये. चाके रुततात आणि भरती कुणासाठी थांबत नाही.

मुक्कामाची जागा उजेडी बघून ठरवावी. भंडारदरा, पवना धरणाच्या परिसरात पैसे देऊन तंबू लावता येतात. कोकणात घरगुती निवासवाल्यांना विचारले तर अंगणात जागा मिळू शकते. बायका-मुली बरोबर असताना स्वच्छ संडास आणि जवळ माणसांची वस्ती या दोन गोष्टी आधी फोन करून विचारून घ्याव्यात. कॅराव्हॅनमध्ये संडास असतो हे खरे, पण त्याची टाकी योग्य जागी रिकामी करावी लागते, हे जाहिरातीत ठळक दिसत नाही. घरात फार वृद्ध किंवा आजारी माणूस असेल तर तंबूचा आग्रह धरू नये, सरळ खोली घ्यावी.

आणखी एक. घरातली बाई तिथेही शेगडीपुढेच बसणार असेल तर तिची कसली सुट्टी? पहिल्या दिवसाचे पराठे-कबाब घरून न्यावेत आणि त्याच दिवशी संपवावेत. पुढे अंडी, डाळ-खिचडी. भांडी मुलांनी घासावीत, पाणी अब्बूंनी आणावे. एरवी घरी काम टाळणारी मुले असे काम हौसेने करतात, हे शाळेच्या शिबिरांत मी दरवर्षी पाहते.

सुरुवात लांबून करू नका. पावसाळा सरल्यावर एक रात्र नानीच्या गावी, तिच्याच अंगणात काढा. काय विसरले, काय उगाच आणले, कुणाला झोप लागली नाही, हे सकाळच्या चहापर्यंत कळेल. मग दुसऱ्या सफरीची यादी मुलांनाच करू द्या.