कोठडीपुढे काय केले?

जनुके बदललेल्या डुकराचे मूत्रपिंड माणसाला बसवण्याच्या रीतसर चाचणीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२५ मध्ये मंजुरी दिली. आधी सहा रुग्ण, पुढे पन्नासपर्यंत. आपले सरकार मात्र ढिम्म आहे. याचा संताप येतो, कारण या वाटेवर आपण १९९७ मध्येच ठेचकाळलो आहोत. आसामात डॉ. धनीराम बरुआ यांनी परवानगीविना डुकराचे हृदय माणसाला बसवले. रुग्ण आठवडाभरात दगावला, डॉक्टरांना अटक झाली. कायद्याने आपले काम केले. पण त्यापुढे सरकारने काय केले? २०१९ च्या औषध-चाचणी नियमांत ‘झेनोग्राफ्ट’ (प्राण्याकडून माणसात रोपलेला अवयव किंवा ऊती) हा शब्द आला. एका शब्दावर रुग्ण जगत नाहीत.

डुकराच्या पेशींवरील एका साखरेवर आपल्या रक्तातील प्रतिपिंडे तुटून पडतात आणि नवा अवयव काही तासांत निकामी होतो. म्हणून चाचणीतल्या डुकरांची ती साखर बनवणाऱ्या जनुकासह चार जनुके बंद केली आणि माणसाची सहा घातली. धोका टळलेला नाही. मेरीलँडमध्ये २०२२ साली डुकराचे हृदय मिळालेला रुग्ण दोनच महिने जगला. त्या हृदयात डुकरांचा विषाणू सापडला. म्हणूनच तर कडक नियम आणि उघड चाचण्या हव्यात.

आंबेनळी घाटालगतच्या वाडीतल्या रुग्णाचा विचार करा. डायलिसिस म्हणजे आठवड्यातून दोन-तीन खेपा, दर खेपेला चार तास यंत्राला जखडून राहणे. पावसाळ्यात दरड कोसळली, की तीही वाट बंद. मूत्रपिंड मिळेल म्हणावे, तर २०२३ मध्ये अख्ख्या देशात मेंदूमृत अवयवदाते जेमतेम अकराशे. आज आपण हातावर हात ठेवून बसलो, तर उद्या परदेशी कंपनी सांगेल तो भाव मोजावा लागेल. तो पोलादपूर-महाडच्या शेतकऱ्याला परवडणार आहे का?

आपल्याकडे कुवत नाही, हे कारण कोणी सांगू नये. जगातील पहिल्या हृदय प्रत्यारोपणानंतर अडीच महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, डॉ. पी. के. सेन यांनी ते मुंबई महापालिकेच्या केईएम रुग्णालयात केले होते. त्याच परळमध्ये हाफकिन संस्था आहे, पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यांना एकत्र आणून पैसा देणे राज्य सरकारच्या हातात आहे. नियमावली काढणे केंद्राच्या. दोघांनीही आता सबबी सांगू नयेत.